क्ष-किरणांचा पुरावा आणि शस्त्रक्रियेचे फलित : सातारा-सांगली परिसराच्या संदर्भात एक विवेचन

वैद्यकाच्या इतिहासाची साधने म्हणून ग्रंथ, रुग्णालयांचे वार्षिक अहवाल, पत्रव्यवहार आणि आत्मवृत्ते यांचा उपयोग अभ्यासकांनी केलेला आहे. क्ष-किरणचित्राचा साधन म्हणून विचार मात्र क्वचितच होतो. वास्तविक विसाव्या शतकातील रुग्णालयांनी मागे ठेवलेल्या सामग्रीत क्ष-किरणचित्र हे एक महत्त्वाचे साधन होय. ते यंत्राने काढलेले असल्यामुळे त्यात लिहिणाऱ्याचा हेतू, विस्मृती किंवा पक्षपात यांना वाव नाही, असा सर्वसाधारण समज असतो. हा समज अर्धाच खरा आहे. चित्र खोटे बोलत नाही हे मान्य केले, तरी चित्रातील छायेचा अर्थ चित्रात लिहिलेला नसतो. तो चित्राबाहेरील माहितीवरून ठरवावा लागतो.

ह्याचे एक बोलके उदाहरण जठरातील आम्ल अन्ननलिकेत चढू नये म्हणून करावयाच्या शस्त्रक्रियेत सापडते. अशी शस्त्रक्रिया झालेल्या रुग्णाला बेरियम पाजून क्ष-किरणचित्र घेतले असता जठराच्या वरच्या टोकाशी एक गोल, गुळगुळीत उंचवटा दिसतो. ज्याला शस्त्रक्रियेची माहिती नाही त्याला तो अर्बुद, म्हणजे गाठ, वाटेल; ज्याला माहिती आहे तो ती शस्त्रक्रिया जागेवर टिकून असल्याची खूण मानील. छाया एकच, परंतु पहिल्या वाचनाने रुग्णाचे पोट पुन्हा उघडण्याचा प्रसंग येतो आणि दुसऱ्या वाचनाने तो निश्चिंतपणे घरी जातो. सातारा आणि सांगली ह्या प्रदेशाला जठरशस्त्रक्रियेची दीर्घ परंपरा लाभलेली असल्यामुळे ह्या प्रश्नाचा विचार तेथील संदर्भात करणे उद्बोधक ठरते.

मिरज आणि तिचा परिसर

विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हा कॅनडात जन्मलेला व न्यूयॉर्क येथे वैद्यकाचे शिक्षण घेतलेला तरुण डॉक्टर १८८९ मध्ये प्रेस्बिटेरियन मिशनतर्फे सांगलीस आला. तेथे त्याने दवाखाना चालविला. पुढे कामाचे केंद्र मिरजेस हलविण्यात आले आणि १८९४ मध्ये तेथे रुग्णालय सुरू झाले. १८९७ मध्ये त्याला जोडून वैद्यकीय शिक्षणाचीही सोय करण्यात आली. मिरज हे पटवर्धनांच्या एका संस्थानाचे ठिकाण होते, तसेच ते रेल्वेचे जंक्शनही होते. १८९१ मध्ये कोल्हापूरची शाखा मिरजेस येऊन मिळाली. पुणे, बेळगाव आणि कोल्हापूर ह्या तिन्ही दिशांनी गाडीने येणाऱ्या रुग्णाला मिरज सोयीची होती. रुग्णालयाचा लौकिक दूरवर पसरण्यास शस्त्रवैद्याच्या हाताइतकाच लोहमार्गही कारणीभूत झाला, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

डोळ्यांच्या आणि पोटाच्या शस्त्रक्रियांसाठी मिरजेचे नाव विशेष झाले. वानलेस यांना १९२८ मध्ये सर ही पदवी मिळाली. आपल्या कार्याचा वृत्तांत त्यांनी 'ॲन अमेरिकन डॉक्टर ॲट वर्क इन इंडिया' ह्या १९३२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात दिला आहे. रुग्णालयाला पुढे त्यांचेच नाव मिळाले आणि सांगली-मिरज रस्त्यावरील वानलेसवाडी हे नावही त्यांचेच स्मरण देते. उत्तरेस सातारा जिल्ह्यात वाई येथे अमेरिकन मराठी मिशनचे रुग्णालय होते. १९६२ मध्ये मिरजेस शासकीय वैद्यकीय महाविद्यालय स्थापन झाले, आणि १९८४ मध्ये कराडला कृष्णा वैद्यकीय महाविद्यालय निघाले. म्हणजे जवळजवळ शंभर वर्षांच्या अवधीत कृष्णाकाठच्या ह्या पट्ट्यात मिशनरी दवाखान्यापासून वैद्यकीय महाविद्यालयांपर्यंत सर्व अवस्था होऊन गेल्या.

जुने केसपेपर वाचणाऱ्याने आणखी एक गोष्ट ध्यानात ठेविली पाहिजे. ब्रिटिश अमलातील सातारा जिल्ह्याला लागून सांगली, मिरज, औंध, फलटण, जत इत्यादी संस्थाने होती. संस्थानांच्या विलीनीकरणानंतर १ ऑगस्ट १९४९ रोजी दक्षिण सातारा हा जिल्हा अस्तित्वात आला. तासगाव, खानापूर, वाळवे व शिराळे हा भाग त्यात गेला. २१ नोव्हेंबर १९६० रोजी त्याचेच नाव सांगली जिल्हा असे झाले. तेव्हा तासगावच्या एकाच रुग्णाची नोंद १९४८ मध्ये सातारा, १९५५ मध्ये दक्षिण सातारा आणि १९६५ मध्ये सांगली अशा तीन जिल्ह्यांखाली असू शकते. हा तपशील किरकोळ भासला तरी रुग्णाच्या पुढील आयुष्याचा माग काढू पाहणाऱ्यास तो किरकोळ नाही.

व्रणाचे युग

विसाव्या शतकाच्या पूर्वार्धात जठरावरील शस्त्रक्रिया म्हणजे प्रायः व्रणावरील शस्त्रक्रिया होय. आद्यांत्रात, म्हणजे जठराला लागून असलेल्या लहान आतड्याच्या आरंभीच्या भागात, व्रण होऊन तो भरताना वाट आकसते. अन्न पुढे सरकत नाही. रुग्ण आदल्या दिवशीचे अन्न ओकतो आणि खंगत जातो. ह्यावर जठराला आतड्याची एक नळी जोडून अन्नाला नवी वाट करून देणे, हा उपाय व्हिएन्नात वोल्फलर यांनी १८८१ मध्ये प्रथम योजिला. त्याच वर्षी त्याच शहरात बिलरोट यांनी जठराचा रोगग्रस्त भाग कापून काढण्यात यश मिळविले. दक्षिण भारतात आद्यांत्रव्रणाचे प्रमाण मोठे असल्यामुळे मिशनरी रुग्णालयांत ह्या शस्त्रक्रियांना बहर आला. त्रावणकोरातील नेय्यूर येथे टी. हॉवर्ड सॉमरव्हेल यांनी जठरशस्त्रक्रियेत नाव मिळविले. १९२२ व १९२४ च्या एव्हरेस्ट मोहिमांत भाग घेतलेले गिर्यारोहक ते हेच. मिरजेच्या पोटाच्या शस्त्रक्रियांचा लौकिकही ह्याच कालखंडातील आहे.

रंटगेन यांनी क्ष-किरणांचा शोध ८ नोव्हेंबर १८९५ रोजी लावला. हाडांची चित्रे लागलीच मिळू लागली. परंतु जठर व आतडी ही मऊ अवयवे क्ष-किरणांत उमटत नाहीत. त्यांना आतून रंगविण्यासाठी प्रथम बिस्मथ आणि १९१० च्या सुमारास बेरियम सल्फेट वापरात आले. पांढऱ्या खडूच्या पाण्यासारखे हे मिश्रण रुग्णाने पडद्यामागे उभे राहून प्यावयाचे आणि डॉक्टरांनी अंधाऱ्या खोलीत चमकत्या पडद्यावर त्याची वाटचाल पाहावयाची, अशी ही पद्धत होती. पडद्यावरील उजेड इतका मंद असे की, डोळ्यांना अंधाराची सवय व्हावी म्हणून तपासणीपूर्वी पंधरा-वीस मिनिटे तांबडा चष्मा लावून बसावे लागे. १९५० नंतर प्रतिमा उजळ करणारी उपकरणे आल्यावर ही अडचण हळूहळू दूर झाली.

व्रणावरील शस्त्रक्रियेनंतरचे चित्र वाचणे तुलनेने सुलभ होते. बेरियम नव्या जोडातून आतड्यात उतरले म्हणजे जोड चालू आहे. ते जठरात तुंबून राहिले म्हणजे जोड आकसला आहे. जोडाच्या काठाशी बेरियमचा ठिपका अडकून राहिला म्हणजे तेथे नवा व्रण झाला असावा. वाट मोकळी की बंद, हा येथील मूळ प्रश्न असतो, आणि चित्रात वाटच दिसत असल्यामुळे चित्र व रुग्णाची प्रकृती यांचा मेळ बहुधा बसतो. शस्त्रक्रिया नीट झाली म्हणजे चित्र चांगले दिसते, हा विश्वास शस्त्रवैद्यांच्या अनेक पिढ्यांत ह्याच अनुभवातून दृढ झाला. उलट वाहणाऱ्या आम्लाच्या विकारात ह्याच विश्वासाची कसोटी लागावयाची होती.

उलट वाहणारे आम्ल

छातीत जळजळणे, घशाशी आंबट येणे, करपट ढेकर येणे ह्या तक्रारी अतिशय जुन्या आहेत. माधवनिदानात अम्लपित्ताचे स्वतंत्र प्रकरण आहे आणि 'पित्त झाले' हा प्रयोग मराठी घराघरांत रूढ आहे. कृष्णाकाठच्या गावांत भांगलणीसाठी तासन्‌तास वाकून काम करणाऱ्या बाईला जेवणानंतर वाकताच घशाशी पाणी येते; रात्री आडवे होताच छाती जळते. वाकणे आणि आडवे होणे ह्या दोन स्थितींत त्रास वाढणे, हे ह्या विकाराचे प्रमुख लक्षण होय. कारण तो केवळ आम्ल अधिक झाल्याने होत नाही, तर अन्ननलिका व जठर यांच्या संधीवरील झडपेसारखी व्यवस्था ढिली पडल्याने होतो.

हे सत्य वैद्यकाला उशिरा उमगले. जठराचा काही भाग मध्यपटलाच्या छिद्रातून छातीत सरकतो, ही गोष्ट क्ष-किरणांमुळे ठाऊक झाली होती. स्वीडनमधील ओकरलुंड यांनी १९२६ मध्ये अशा अंतर्गळांचे वर्गीकरणही केले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कच्या विंकेलस्टाइन यांनी अन्ननलिकेचा दाह जठरातील आम्लामुळे होत असावा, असे प्रतिपादन केले. ह्या दोन्ही गोष्टींचा सांधा जुळविण्याचे श्रेय इंग्लंडमधील फिलिप ॲलिसन यांच्या १९५१ च्या निबंधास द्यावे लागते. अंतर्गळामुळे झडप निकामी होते आणि म्हणून आम्ल चढते, असे त्यांचे म्हणणे होते. साहजिकच जठर खाली ओढून पूर्वस्थानी बसविणे आणि छिद्र आवळून घेणे, ही त्यांची शस्त्रक्रिया ठरली. शरीररचना पूर्ववत केली म्हणजे कार्यही पूर्ववत होईल, हे तिचे गृहीतकृत्य होते.

दुसरी शस्त्रक्रिया एका अगदी वेगळ्या मार्गाने आली. रूडोल्फ निसेन (१८९६–१९८१) हे जर्मन शस्त्रवैद्य ज्यू वंशाचे असल्यामुळे १९३३ मध्ये जर्मनी सोडून इस्तंबूलला गेले. तेथे १९३० च्या दशकात त्यांनी एका रुग्णाच्या अन्ननलिकेचा खालचा व्रणग्रस्त भाग काढून उरलेली नलिका जठराला जोडली आणि जोड सुटू नये म्हणून त्याभोवती जठराचीच घडी घालून टाके घेतले. कित्येक वर्षांनी त्या रुग्णाची माहिती मिळाली, तेव्हा त्याला जळजळीचा त्रास मुळीच नसल्याचे दिसून आले. जोडाच्या संरक्षणासाठी घातलेली घडी झडपेचे काम करीत होती. पुढे अमेरिकेतून स्वित्झर्लंडमध्ये बाझेल येथे आल्यानंतर निसेन यांनी १९५५ मध्ये केवळ आम्ल रोखण्याच्या हेतूने जठराचा घुमटाकार वरचा भाग अन्ननलिकेच्या तळाभोवती पूर्ण गुंडाळून त्याचा वेढा शिवला, आणि १९५६ मध्ये दोन रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. हीच 'फंडोप्लिकेशन' नावाने रूढ झालेली शस्त्रक्रिया होय. तिचा जन्म शस्त्रक्रियेच्या मेजावर झाला तितकाच एका जुन्या रुग्णाच्या पाठपुराव्यातूनही झाला, ही गोष्ट प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने विशेष अर्थपूर्ण आहे.

अर्धवट वेढ्याचे प्रकारही लवकरच निघाले. फ्रान्समध्ये डोर यांनी १९६२ मध्ये पुढून व तूपे यांनी १९६३ मध्ये मागून अर्धवट वेढा घालण्याची रीत सांगितली. इंग्लंडमध्ये ब्रिस्टलचे रोनाल्ड बेल्सी छातीतून शस्त्रक्रिया करीत. त्यांच्या पद्धतीचे फलित १९६७ मध्ये प्रसिद्ध झाले.

छायेचे वाचन

आता ह्या शस्त्रक्रियांनंतरच्या चित्रांकडे वळू या. ॲलिसन यांच्या शस्त्रक्रियेनंतरचे चित्र पाहिले असता त्यात शस्त्रक्रियेची खूण जवळजवळ नसते. जठर मध्यपटलाखाली, अन्ननलिका सरळ, बेरियम सुरळीत उतरते. निरोगी माणसाचे चित्र आणि हे चित्र यांत फरक करणे कठीण, इतके ते निर्दोष असू शकते.

निसेन यांच्या शस्त्रक्रियेनंतरचे चित्र ह्याच्या उलट असते. अन्ननलिकेचा शेवटचा सुमारे दोन-तीन सेंटिमीटरांचा भाग वेढ्यातून जाताना अरुंद दिसतो. जठराच्या वरच्या टोकाशी एरव्ही हवेचा फुगा दिसतो, त्यात वेढ्याचा गोलसर उंचवटा घुसलेला असतो. बेरियम त्या ठिकाणी भरत नाही, त्यामुळे तेथे पोकळी राहिल्यासारखे वाटते. ह्यालाच 'आभासी अर्बुद' असे म्हणतात. शस्त्रक्रियेनंतरच्या पहिल्या काही आठवड्यांत सूज असल्यामुळे हा उंचवटा मोठा दिसतो आणि बेरियमही हळू उतरते. ह्याच दिवसांत भाकरीचा घास अडकतो अशी रुग्णाची तक्रार असते. सूज ओसरली की उंचवटा लहान होतो आणि तक्रारही बहुधा जाते.

आभासी अर्बुद आणि खरे अर्बुद यांतील भेद ओळखण्याच्या काही खुणा आहेत. वेढ्याची कड गुळगुळीत असते. तो अन्ननलिकेच्या दोहों बाजूंस सारखा पसरलेला असतो आणि नलिकेची वाट त्याच्या मध्यातून जाते. आतील अस्तराच्या घड्या तुटलेल्या नसतात. अर्बुदाची कड खडबडीत, वाट एका बाजूस ढकललेली आणि अस्तर विस्कटलेले असते. तथापि ह्या सर्व खुणांहून निर्णायक ठरणारी माहिती चित्रात नसतेच. शस्त्रक्रिया कोणती झाली, ही ती माहिती होय. १९५७ नंतर लवचिक दुर्बीण प्रचारात आल्याने आतून पाहण्याची सोय झाली. परंतु पाहणाऱ्याला पूर्वेतिहास ठाऊक असण्याची आवश्यकता दुर्बिणीनेही संपलेली नाही.

बिघडलेल्या शस्त्रक्रियेच्या छाया चार-पाच प्रकारच्या असतात. टाके सुटून वेढा उलगडला तर उंचवटा नाहीसा होतो. म्हणजे चित्र पूर्वीपेक्षा 'स्वच्छ' दिसू लागते, आणि आम्ल मात्र पुन्हा वर चढते. वेढा जागेवर राहून जठराचा भाग त्यातून वर सरकला, किंवा वेढा मुळातच अन्ननलिकेऐवजी जठराभोवती घातला गेला, तर जठर मध्येच आवळलेल्या डमरूसारखे दिसते. छिद्र ढिले राहिल्यास वेढ्यासह जठर छातीत जाते. वेढा फार घट्ट किंवा लांब झाला तर अरुंद भाग लांबलेला दिसतो, वरची अन्ननलिका फुगते आणि बेरियम तुंबून राहते. ह्यांपैकी पहिला प्रकार अभ्यासकाने विशेष लक्षात ठेवण्याजोगा आहे. कारण तेथे छायेचे नाहीसे होणे हेच अपयशाचे चिन्ह असते.

चित्र आणि रुग्ण

ॲलिसन यांनी आपल्या शस्त्रक्रियेचा वीस वर्षांचा आढावा १९७३ मध्ये स्वतःच प्रसिद्ध केला. सुमारे निम्म्या रुग्णांत अंतर्गळ किंवा आम्लाचा त्रास पुन्हा उद्भवल्याचे त्यात त्यांनी मान्य केले. शस्त्रवैद्याने आपल्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या शस्त्रक्रियेविरुद्ध स्वतःच साक्ष द्यावी, ही वैद्यकाच्या इतिहासातील एक प्रांजळ घटना म्हणावी लागेल. ज्या शस्त्रक्रियेनंतरचे चित्र सर्वांत निर्दोष दिसे, तिचे फलित सर्वांत अस्थिर ठरले. आणि ज्या शस्त्रक्रियेनंतर जठराच्या टोकाशी गाठीसारखा उंचवटा दिसे, ती टिकली. अमेरिकेतील डीमीस्टर व त्यांचे सहकारी यांनी १९८६ मध्ये लागोपाठच्या १०० रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. दहा वर्षांच्या गणनेत ९१ टक्के रुग्णांत लक्षणे आटोक्यात राहिली होती.

ह्याचा अर्थ निसेन यांची शस्त्रक्रिया निर्दोष होती असा मात्र नव्हे. चित्रात वेढा सुस्थित आणि आम्लाचे चढणे पूर्ण थांबलेले, अशा स्थितीतही काही रुग्ण असंतुष्ट असत. त्यांना ढेकर येत नसे, ओकारी होत नसे, पोट फुगून येई. भरल्या पोटी ढेकर देणे ही जेथे तृप्तीची खूण समजली जाते, तेथे ह्या तक्रारीचे गांभीर्य निराळे सांगावयास नको. ह्या अनुभवावरून वेढा अधिक सैल व आखूड करण्यात आला. डीमीस्टर यांनी वेढ्याची लांबी चार सेंटिमीटरांवरून एक सेंटिमीटरापर्यंत आणली. ही सुधारणा सुचली ती रुग्णांच्या बोलण्यावरून. चित्रात जो वेढा भक्कम दिसत होता, तोच रुग्णाला जाचक होत होता.

उलट बाजूही तितकीच महत्त्वाची आहे. पुष्कळ निरोगी माणसांच्या क्ष-किरणचित्रात लहानसा अंतर्गळ दिसतो आणि त्यांना कोणताही त्रास नसतो; तर तीव्र जळजळ असलेल्या अनेकांत बेरियम वर चढताना दिसतच नाही, कारण तपासणीच्या त्या काही मिनिटांत ते चढले नाही, इतकेच. चोवीस तास अन्ननलिकेतील आम्ल मोजण्याची रीत १९७४ मध्ये जॉन्सन व डीमीस्टर यांनी प्रमाणित केल्यानंतर क्ष-किरणांच्या ह्या मर्यादेचे मोजमाप झाले. तेव्हापासून चित्राने रचना सांगावी, मापनाने कार्य सांगावे आणि रुग्णाने त्रास सांगावा, अशी कामाची वाटणी रूढ झाली.

ह्या तिन्ही पुराव्यांत विसंगती आल्यास काय करावयाचे, हा प्रश्न आजही जिवंत आहे. २००१ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकन पाहणीत शस्त्रक्रिया झालेल्यांपैकी ६२ टक्के रुग्ण सुमारे दहा वर्षांनी नियमितपणे आम्लरोधक औषधे घेत असल्याचे आढळले. वरवर पाहता हे शस्त्रक्रियेचे अपयश दिसते. परंतु शस्त्रक्रियेनंतर अशी औषधे घेणाऱ्या अनेकांत प्रत्यक्ष मापन केले असता आम्लाचे चढणे प्रमाणाबाहेर नसते, असेही अन्य अभ्यासांत दिसून आले आहे. औषधाची गोळी हा अपयशाचा पुरावा मानावा की सवयीचा, हे केवळ संख्येवरून ठरत नाही.

पाठपुराव्याचा प्रश्न

स्वीडनमध्ये २०१७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात दुर्बिणीतून शस्त्रक्रिया झालेल्या २,६५५ रुग्णांचा माग काढण्यात आला आणि त्यांपैकी १७.७ टक्क्यांत आम्लाचा त्रास पुन्हा उद्भवल्याचे दिसले. त्या देशात प्रत्येक नागरिकास एक व्यक्तिक्रमांक असून रुग्णालयाची व औषधविक्रीची नोंद त्याखाली होते, म्हणूनच हे शक्य झाले. शस्त्रवैद्याकडे जो परत आला नाही त्याचीही नोंद तेथे सुटत नाही.

सातारा-सांगलीच्या परिस्थितीत ह्या प्रश्नाचे स्वरूप पालटते. मिरजेचा लौकिक लांबून येणाऱ्या रुग्णांवर उभा होता. रुग्ण गाडीने येई, नातेवाईक बरोबर असत, टाके निघाल्यावर तो गाडीनेच परत जाई. अशा रुग्णालयाला आपल्या कामाचे तात्कालिक फलित चांगले ठाऊक असते. दहा वर्षांनंतरचे फलित मात्र रुग्णाच्या गावी असते. जो पूर्ण बरा झाला तो परत येत नाही, आणि जो निराश झाला तोही त्याच दारी परत येईलच असे नाही. तो दुसऱ्या डॉक्टरकडे जातो. आम्लरोधक शस्त्रक्रियेचे खरे मूल्य दहा-वीस वर्षांनीच कळत असल्यामुळे, ज्या केंद्रात शस्त्रक्रिया अधिक होतात तेच केंद्र फलिताच्या ज्ञानात अधिक असेल, असे गृहीत धरता येत नाही.

म्हणूनच रुग्णाच्या हाती दिलेल्या कागदाला महत्त्व येते. सातारकडील एखाद्या खेड्यातील म्हातारा पिशवीत घालून जुना क्ष-किरणपट आणतो. त्यावर शाईने लिहिलेले नाव अर्धे पुसलेले असते. 'पोटाचे ऑपरेशन झाले होते' एवढेच त्याला सांगता येते. ते ऑपरेशन व्रणाचे होते की वेढ्याचे, हे कळल्यावाचून नव्या चित्रातील छायेचा उलगडा होत नाही. शस्त्रक्रियेचे दोन ओळींचे टिपण जवळ असते, तर हा प्रश्नच उद्भवला नसता. केसपेपर हा प्रशासकीय कागद समजून काही वर्षांनी रद्दीत घालण्याची जी प्रथा असते, तीमुळे केवळ इतिहासाचे नुकसान होते असे नाही. हयात रुग्णाच्या उपचारातही त्याची किंमत मोजावी लागते.

ह्या संदर्भात मिरजेतील एका समकालीन उद्योगाचे स्मरण होते. ज्या १८९७ मध्ये मिरजेच्या रुग्णालयात वैद्यकीय शिक्षणाचा आरंभ झाला, त्याच वर्षी मिरजेच्या हायस्कुलातील शिक्षक वासुदेवशास्त्री खरे यांनी पटवर्धनांच्या दप्तरातील कागदांवरून 'ऐतिहासिक लेखसंग्रह' प्रसिद्ध करण्यास प्रारंभ केला. खरेशास्त्र्यांनी पत्रे केवळ छापली नाहीत; ती कालक्रमाने लावून, प्रसंगाची हकीकत आधी देऊन मग पत्रे दिली. एकटे पत्र वाचकाची दिशाभूल करू शकते. मागील-पुढील पत्रांच्या संगतीत ठेविल्यावर त्याचा अर्थ लागतो. क्ष-किरणचित्राची गोष्ट ह्याहून वेगळी नाही. शस्त्रक्रियेपूर्वीचे चित्र, शस्त्रक्रियेचे टिपण, लगेच नंतरचे चित्र आणि काही वर्षांनंतरचे चित्र अशी मालिका हाती असेल, तरच त्यातील प्रत्येक छायेला साक्षीचे मोल येते. शस्त्रक्रियेनंतर तक्रार नसतानाही एक मूळ चित्र घेऊन जपून ठेवावे असे अनेक क्ष-किरणतज्ज्ञ सुचवितात, ते ह्याच कारणाने.

समारोप

१९७६ मध्ये सिमेटिडीन आणि १९८८ मध्ये ओमेप्राझोल ही औषधे बाजारात आली. १९८२ मध्ये ऑस्ट्रेलियात मार्शल व वॉरन यांनी जठरातील जंतूचा शोध लावला. व्रण हा त्यामुळे औषधाने बरा होणारा विकार ठरला आणि मिरजेसारख्या केंद्रांचे नाव ज्या शस्त्रक्रियांनी झाले, त्या शस्त्रक्रियांचे युग जवळजवळ संपले. आम्लरोधक शस्त्रक्रिया मात्र रूपांतर होऊन टिकली. १९९० मध्ये मुंबईच्या जे. जे. रुग्णालयात डॉ. तेहमटन उडवाडिया यांनी दुर्बिणीतून पित्ताशय काढण्याची शस्त्रक्रिया भारतात प्रथम केली, आणि १९९१ मध्ये बेल्जियममधील दालमान्य यांनी निसेन यांचा वेढा दुर्बिणीतून घातल्याचे प्रसिद्ध केले. पोटावरील लांब व्रणाची खूण त्यामुळे नाहीशी झाली. पूर्वी रुग्णाचे पोट पाहूनच मोठी शस्त्रक्रिया झाल्याचे डॉक्टरांना कळे. आता चार-पाच लहान टोचण्यांच्या खुणांवरून आत काय झाले आहे ह्याचा तर्क करता येत नाही. लिखित नोंदीची गरज तंत्र सुधारल्याने कमी न होता वाढली आहे.

एकंदरीत, शस्त्रक्रियेनंतरचे निर्दोष चित्र म्हणजे यश आणि सदोष चित्र म्हणजे अपयश, हे समीकरण आम्लरोधक शस्त्रक्रियेच्या इतिहासाने खोटे ठरविले आहे. ॲलिसन यांच्या स्वच्छ चित्रांमागे परतलेला रोग होता. निसेन यांच्या उंचवट्यामागे बरा झालेला रुग्ण होता, आणि काही वेळा पोट फुगून त्रासलेला रुग्णही होता. सातारा-सांगली परिसरात एका शतकाहून अधिक काळ झालेल्या जठरशस्त्रक्रियेचे मूल्यमापन करू पाहणाऱ्या अभ्यासकाने क्ष-किरणपट, केसपेपर आणि हयात रुग्णांची निवेदने ही तिन्ही साधने एकत्र लावली पाहिजेत. त्यांपैकी पट काळे पडत आहेत, कागद जीर्ण होत आहेत, आणि निवेदन देणारी पिढी वृद्ध झाली आहे. हे काम लांबणीवर टाकण्याजोगे राहिलेले नाही.